उच्चार शिकवायचे की सोडून द्यायचे?

सुरतेत पर्वत पाटियाच्या पुढे गोडादरा लागते. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा यांच्यासारखीच ही खानदेशी माणसांची मोठी वस्ती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबे ताप्ती लाइनच्या गाड्यांनी इथे आली, लूमवर, डाइंग मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटात कामाला लागली आणि इथलीच झाली. त्यांच्या मुलांच्या कानावर घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि गल्लीत हिंदी पडते. आता प्रत्येक घराला इंग्रजीही हवी आहे. पण ती बोलताना उच्चारांवर किती मेहनत घ्यायची, याबद्दल इथे दोन ठाम मते ऐकू येतात. ती दोन्ही मते इथे मामा-भाचीच्या संवादातून मांडली आहेत. मामा महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, तर भाची इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणारी.

भाची: मामा, या महिन्यापासून मी वर्गात उच्चारांसाठी वेगळा तास ठेवणार आहे. व्याकरण नाही, भाषांतर नाही, फक्त ऐकायचं आणि बोलायचं.

मामा: वेगळा तास कशाला गं? आधी पोरांना तोंड तर उघडू दे. मी वर्गात काय पाहिलंय ते सांगतो. मूल उभं राहतं, मनातल्या मनात वाक्य जुळवतं, धीर करून बोलायला लागतं, आणि कोणीतरी मध्येच म्हणतं, ‘डेव्हलप नव्हे, डिव्हेलप.’ झालं. पोरगं वाक्य विसरतं. पुढच्या वेळी त्याचा हात वर येत नाही. एका शब्दाचा उच्चार सुधारण्यापायी बोलणंच थांबलं, तर त्या उच्चाराचं करायचं काय?

भाची: हात वर न करणारी तीच मुलं मोठी होऊन माझ्याकडे येतात, मामा. बी.कॉम. झालेली. अर्ज बिनचूक लिहितात. पण मुलाखतीत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो, कारण आपला उच्चार चुकतोय अशी शंका असते आणि नेमका कुठे चुकतोय हे कुणी सांगितलेलं नसतं. ‘रिसीट’मध्ये पी लिहितात पण बोलत नाहीत, हे शाळेची सगळी वर्षं संपली तरी त्यांच्या कानावर आलेलं नसतं. ज्या घरात आईबाप इंग्रजी बोलतात, तिथल्या मुलाला हे जेवताना फुकट मिळतं. लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाच्या मुलाला ते शाळेत मिळालं नाही, तर कुठून मिळणार? तुम्ही दयेपोटी जे सोडून देता, त्याची किंमत गरिबाचं मूल भरतं.

मामा: दया नाही, न्याय म्हणून बोलतोय मी. उच्चार हा माणसं निवडून बाहेर काढायचा सोपा मार्ग झालाय. जे येतं ते विचारायचं सोडून, कसं बोलतो हे पाहायचं.

भाची: मान्य. पण दार तसं आहे म्हणून आपल्या मुलांना किल्लीच द्यायची नाही का? सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजीला माउली म्हटलं. ज्यांना शतकानुशतकं विद्येपासून लांब ठेवलं, त्यांच्यासाठी ही भाषा सुटकेची वाट आहे, हे त्यांना दिसलं होतं. ती वाट अर्धीच दाखवायची कशाला?

मामा: बरं, मग मला सांग, बरोबर उच्चार म्हणजे कुणाचा? लंडनचा, स्कॉटलंडचा, की अमेरिकेचा? डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा कोश काढला. त्यात त्याने आधारासाठी दक्षिण इंग्लंडमधल्या, महागड्या निवासी शाळांत शिकलेल्या घरांची बोली घेतली. तीच पुढे प्रमाण म्हणून जगभर गेली. खुद्द ब्रिटनमध्ये ती बोलणारे मूठभर. स्कॉटिश माणूस र ठसठशीत म्हणतो, लंडनवाला शब्दाच्या शेवटचा र गिळतो. दोघांनाही कुणी अडाणी म्हणत नाही. मग आमच्या खानदेशी पोराच्या इंग्रजीला खानदेशी वळण असलं, तर बिघडलं कुठे? आणि इंग्रजांनी तरी आपले शब्द कुठे नीट उच्चारले? विल्यम हॉकिन्स १६०८ साली सुरतेला उतरला. सुरतेजवळच्या सुवाली बंदराला त्यांनी स्वॉली करून टाकलं. भरूचचं ब्रोच, खडकीचं किर्की. इतकी वर्षं राज्य केलं, पण आपला उच्चार चुकतो म्हणून एकाही साहेबाची जीभ अडखळली नाही.

भाची: साहेबाची गोष्ट वेगळी होती, मामा. सत्ता त्याच्याकडे होती, म्हणून समोरच्याला समजून घेणं भाग होतं. आपल्या मुलांच्या बाजूने ती सत्ता नाही. फोनवरचा परदेशी गिऱ्हाईक दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारेल, तिसऱ्यांदा दुसऱ्या दुकानात फोन लावेल. पण तुमचा एक मुद्दा मी उचलते. लंडनची नक्कल मलाही नको. वळण खानदेशीच राहू दे. मला हवंय ते इतकंच की बोललेलं पहिल्या वेळेस कळावं. कॅनडात मन्रो आणि डर्विंग या दोन अभ्यासकांनी १९९५ साली दाखवून दिलं की वळण परकं असणं आणि बोलणं न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषेचं वळण पुष्कळ जाणवत असूनही माणसाचं बोलणं पूर्णपणे कळू शकतं.

मामा: हे तर माझ्याच बाजूचं झालं.

भाची: अर्धं. उरलेलं अर्धं असं की काही चुकांमुळे बोलणं खरंच कळत नाही. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना कितपत कळते याचा अभ्यास केला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की आपलं बोलणं परक्याला न कळण्यामागे मोठं कारण शब्दातला आघात हे आहे. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावर शब्दाचा अर्थ ठरत नाही. आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. इंग्रज कान त्या जोरावरूनच शब्द ओळखतो. तुमच्या मार्केटातलाच शब्द घ्या, ‘एक्सपोर्ट’. निर्यात हे नाम असेल तर जोर ‘एक्स’वर. निर्यात करणे हे क्रियापद असेल तर जोर ‘पोर्ट’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. जोर सरकला की स्वरसुद्धा बदलतात. हे कुणी शिकवलंच नाही, तर मुलाने ओळखायचं कसं?

मामा: पण आपली पोरं रोज बोलणार कुणाशी? बंगळूरच्या नाहीतर कोलकात्याच्या माणसाशी. त्यालाही हाच जोर चुकीच्या जागी द्यायची सवय आहे, आणि दोघांना एकमेकांचं उत्तम कळतं. आणि एक सांगून ठेवतो. हॉटेल, डॉक्टर, लायसन, टेशन हे शब्द मराठी वाक्यात आले की ते मराठीच आहेत. आई ‘टेशनवर जाऊन ये’ म्हणाली तर तिला सुधारायला जाऊ नये. ते तिचे शब्द आहेत, तिच्या तोंडात घडलेले.

भाची: अगदी. आईला कुणी सुधारू नये. वर्गातसुद्धा सगळंच सुधारायला गेलं तर वर्षं पुरणार नाहीत. जेनिफर जेन्किन्स या इंग्लंडमधल्या अभ्यासिकेने २००० साली एक पुस्तक लिहिलं. इंग्रजी मातृभाषा नसलेली माणसं आपसांत इंग्रजीत बोलतात, तेव्हा घोटाळा नेमका कशाने होतो, हे तिने तपासलं. ‘थिंक’मधला इंग्रजी थ जमला नाही तरी फारसं अडत नाही, असं तिला दिसलं. आपला दंत्य थ तिथे खुशाल चालतो. पण स्वराची लांबी चुकली, शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर तुटलं, वाक्यातला मुख्य जोर भलत्या शब्दावर गेला, तर समोरचा माणूस गोंधळतो. म्हणून माझ्या तासाची यादी छोटी आहे. शिप आणि शीप. पॅक आणि बॅक. व्हेस्ट आणि वेस्ट. जिप आणि झिप. आणि शब्दातला जोर.

मामा: पॅक आणि बॅक? एवढं तर कुठल्याही पोराला येतं.

भाची: पोराला येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. आपल्याकडे प वेगळा, फ वेगळा. म्हणून आपण ‘पॅक’ म्हणताना प कोरडा ठेवतो. इंग्रज मात्र शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांच्याबरोबर हवेचा झोत सोडतो. झोत नसला की त्याच्या कानाला तो ब वाटतो. मुलाने ‘पॅक’ म्हटलेलं परदेशी गिऱ्हाईक ‘बॅक’ ऐकू शकतो आणि माल परत पाठवायचाय असं समजू शकतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा. प म्हणताना तो हलला पाहिजे. एवढं पाच मिनिटांत जमतं.

मामा: हे चांगलं आहे. पण तू हे सगळं स्पेलिंग फळ्यावर लिहून शिकवणार असशील, तर पुन्हा त्याच खड्ड्यात पडशील. आपल्याकडे इंग्रजी डोळ्यांनी शिकवली गेली, कानांनी नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन महाराष्ट्रातल्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या! वाक्यरचना पक्की झाली. पण ती इंग्रजी वहीत राहिली, कानावर आलीच नाही. आणि इंग्रजीचं स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चारांचा साठा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं, आणि नेमक्या त्याच काळात लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर बदलत होते. ‘नाइफ’मधला क पूर्वी बोलला जायचा, तो मेला, पण छापात राहिला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी तर कधी बोललाच जात नव्हता. लॅटिनशी नातं दाखवायला पंडितांनी तो मागाहून घुसवला. ‘रिसीट’मधल्या पीची कथा तीच. हे पोराला सांग. म्हणजे त्याला कळेल की घोळ भाषेच्या इतिहासात आहे, त्याच्या डोक्यात नाही.

भाची: हे मी नक्की सांगेन, मामा. आणि कानाने शिकण्याचा पुरावा आपल्या मार्केटातच आहे. गाठोडी उचलणारा माणूस ‘शिफॉन’ म्हणतो, ‘जॉर्जेट’ म्हणतो, ‘क्रेप’ म्हणतो. हे सगळे मुळात फ्रेंच शब्द. शिफॉनचं स्पेलिंग सी-एच-आयने सुरू होतं. पुस्तकातून पहिल्यांदा वाचणारा विद्यार्थी बिनदिक्कत ‘चिफॉन’ म्हणेल. गाठोडीवाल्याने शब्द वाचलेला नाही, ऐकलेला आहे, म्हणून तो चुकत नाही. आपल्या मुलांना चार भाषांची सवय आहे. सुरतेच्या महापालिका शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात. इतके ध्वनी आजूबाजूला ऐकत वाढलेल्या मुलाचा कान तयार असतो. त्याला इंग्रजी अवघड नाही. त्याला ती ऐकवलीच गेली नाही.

मामा: कान तयार आहे, आणि जीभसुद्धा. तू मघापासून परदेशी अभ्यासकांची नावं घेतेस, ती घे. पण ध्वनी तोंडात कुठे तयार होतो, याचा विचार आपल्याकडे पाणिनीय शिक्षेच्या परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. आपली वर्णमाला तोंडाच्या नकाशासारखी लावलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. पहिलीतलं पोर क-ख-ग म्हणत घशापासून ओठापर्यंत येतं. इंग्रजी ट शिकवायचाय? मूर्धन्य ट म्हणायला लाव, मग दंत्य त म्हणायला लाव, आणि सांग की इंग्रजांची जीभ या दोन जागांच्या मधे, दातांमागच्या हिरडीला टेकते. झालं. आपल्या मराठीत ज दोन आहेत. ‘जवळ’मधला आणि ‘जीवन’मधला. ‘झिप’ शिकवताना मुलाला ‘जवळ’चा ज आठवायला सांग, इंग्रजी झेडच्या तो अगदी शेजारी आहे. गुजराती मैत्रिणीला तिथे थोडी जास्त मेहनत पडेल, कारण प्रमाण गुजरातीत हा दुसरा ज नाही.

भाची: आणि व्ह! मराठीत आपण ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ वेगळे लिहितो. लिपीने भेद केलाय, पण बोलताना व्हला ह जोडून मोकळे होतो. तिथे ह नकोच. फ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. तसेच टेकवून ठेवायचे आणि आवाज घुमवायचा, की ‘व्हॅन’चा व तयार. ‘वॉटर’साठी दात लांब ठेवून ओठांचा ऊसारखा चंबू करायचा. अ‍ॅ आणि ऑ तर महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात वर्णमालेतच घेतले. म्हणजे ‘बॅट’ आणि ‘बॉल’मधले स्वर आता परके राहिले नाहीत.

मामा: आता आपण एका रस्त्याला लागलो. पण मनातली खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. माझा विरोध उच्चारांना कधीच नव्हता. आमच्या अहिराणीत शाळेला ‘शाया’ म्हणतात, डोळ्याला ‘डोया’. खानदेशातलं लेकरू मराठी शाळेत जातं आणि पहिल्याच दिवशी त्याला कळतं की त्याची आई चुकीचं बोलते. तसं कुणी तोंडाने म्हणत नाही. पण वर्ग हसतो, आणि त्याला कळतं. ते लेकरू पुढे घरी कमी बोलतं. ‘ती फुलराणी’ आठव. पुलंनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेलं, १९७५ साली रंगभूमीवर आलेलं नाटक. त्यातल्या प्राध्यापकाला फुलवाल्या मंजुळेचे उच्चार ऐकू येत होते, मंजुळा दिसत नव्हती. इंग्रजीच्या तासाला गोडादऱ्यातल्या पोराचं असं होऊ नये, एवढीच माझी धडपड.

भाची: मलाही मंजुळा आठवते, मामा. पण मी ते नाटक दुसऱ्या बाजूने पाहते. भाषा शिकली म्हणून तर ती त्याच प्राध्यापकासमोर ताठ उभी राहून बोलू शकली. आणि हीच गोष्ट गुजरातीत मधु राय यांनी ‘संतु रंगीली’ म्हणून लिहिली, सरिता जोशींनी ती रंगवली. म्हणजे मराठी काय, गुजराती काय, बोलीवरून माणूस तोलण्याचा रोग दोन्हीकडे आहे. त्यावर उपाय न शिकवणं हा नाही. माझ्या वर्गात अहिराणी चुकीची ठरणार नाही. मी मुलांना सांगणार आहे की घरी ‘शाया’, शाळेत ‘शाळा’ आणि मुलाखतीत ‘स्कूल’ हे तिन्ही बरोबर आहेत, ज्याच्या त्याच्या जागी.

मामा: मग सुधारायचं कधी? मध्येच थांबवून?

भाची: नाही. तुमचा पहिला मुद्दा मी सोडलेला नाही. मूल बोलत असताना एक शब्दही मध्ये नाही. बोलून झाल्यावर, अर्थ बदलणाऱ्या एखाद-दोन चुका, त्याही सगळ्या वर्गाच्या म्हणून फळ्यावर. एकट्याला उभं करून नाही. शब्दकोशात उच्चार देताना, जोर पडणाऱ्या अक्षराच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, ती आघाताची खूण. ती वाचायला शिकवायची. फोनवरच्या शब्दकोशात आवाजाचं चिन्ह असतं, ते दाबून ऐकायचं, आपला आवाज त्याच फोनवर टिपायचा, आणि दोन्ही शेजारी लावून ऐकायचे.

मामा: फोन उच्चार ऐकवेल. पण कोणती चूक सुधारायची आणि कोणती सोडून द्यायची, हे त्याला कळणार नाही. ते शिक्षकालाच ठरवावं लागेल. एका गोष्टीवर मात्र मी अजून ठाम आहे. चौथी-पाचवीपर्यंत उच्चारांची परीक्षा घेऊ नका, गुण देऊ नका. गाणी म्हणू द्या, गोष्टी ऐकू द्या.

भाची: परीक्षा नको, हे कबूल. पण ऐकवायला पहिलीपासूनच सुरुवात हवी. लहान वयात कान जितका धारदार असतो, तितका पुढे राहत नाही.

या दोघांचे पूर्ण एकमत झाले नाही आणि तसे होण्याची गरजही नाही. मामांची भीती खरी आहे आणि भाचीची तळमळही. १८४४ साली सुरतेत दुर्गाराम मेहतांबरोबर मानवधर्म सभा स्थापणारे दादोबा पांडुरंग याच शहरात इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिणारेही तेच. मातृभाषेचा अभ्यास आणि इंग्रजीचे अध्यापन एकाच माणसाच्या हातून होऊ शकते, हे सुरतेने पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. मग एका मुलाच्या तोंडात अहिराणी, मराठी आणि इंग्रजी सुखाने का नांदू नयेत?

माझे मत स्पष्ट आहे. उच्चार शिकवलेच पाहिजेत, आणि ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नाही त्यांना सर्वांत आधी. मात्र ते समोरच्याला आपले म्हणणे कळावे म्हणून शिकवावेत, कुणासारखे तरी दिसावे म्हणून नव्हे. शिक्षकांना विनंती आहे की, स्पेलिंगच्या आधी आवाज ऐकवा, वर्णमालेचा उपयोग करा, शब्दातला जोर दाखवा आणि मूल बोलत असताना त्याला थांबवू नका. पालकांना विनंती आहे की, मुलाने चुकीचा उच्चार केला तर हसू नका, आणि त्याने तुमचा उच्चार सुधारला तर रागावू नका. आणि उच्चाराच्या भीतीने जी मुले-मुली आज गप्प बसली आहेत, त्यांनी आजच बोलायला सुरुवात करावी. बोलता बोलताच उच्चार सुधारतो.